दहाच्या रांगेवर शिट्टी

पोलादाच्या प्लांटशेजारच्या मरोद्यातल्या आमच्या गल्लीत 'का' विचारायला चार शब्द होते. आई म्हणे कावून, शेजारची छत्तीसगढी काकी म्हणे काबर, समोरची तेलुगू अम्मा म्हणे एंदुकु, आणि शाळेत क्यों. लहानपणी मी चारही वापरत असे आणि बहुतेक वेळा उत्तर एकच मिळे: गप बस. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, मात्र मला कधी गप बस म्हटलं नाही. सायकलच्या दांडीवर बसवून तो मला शाळेत सोडायचा आणि वाटेत सगळी उत्तरं द्यायचा. चिमणीचा धूर सकाळी पांढरा आणि दुपारी पिवळा का असतो, प्लांटमध्ये स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, ओतला की आभाळ लाल का होतं. त्यातली निम्मी उत्तरं त्याने जागच्या जागी रचलेली होती, हे मला बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं.

बाबा प्लांटच्या कोक ओव्हनवर, कोळशाचा कोक करायच्या भट्टीवर, ठेकेदाराकडे कामाला होते. त्यांचा दमा वाढला तेव्हा दादा दहावीत होता. परीक्षा झाली आणि त्याने ठेकेदाराचा गेटपास काढला. मी मात्र शिकत राहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी पदवी दादाच्या पाठीवरून आली असं मी म्हणते ते शोभेसाठी नाही. तो खरोखर पाठीवर वजन उचलायचा, आणि ती पाठ तेविसाव्या वर्षीच दुखायला लागली होती.

डबल ड्यूटीच्या एका दिवशी बरोबरच्या कामगाराने त्याला एक कॅप्सूल दिली. "दर्द की गोली है, कुछ नहीं होगा." दुखणं थांबलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरी घेतली.

मला पुष्कळदा प्रश्न पडतो, त्या वेळी त्याला कोण सांगणार होतं? शाळेत आम्हाला नशेबद्दल शिकवलं नव्हतं असं नाही. दरवर्षी एक दिवस ठरलेला असे. आठवीत मी भाषणात पहिली आले होते आणि मला स्टीलचा डबा मिळाला होता. दादा मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. फळ्यावर मी बाटली हातात धरलेला हाडांचा सापळा काढला होता. माझ्या भाषणातल्या नशेला शिंगं होती, दात होते. तापाच्या गोळीसारखी चांदीच्या पाकिटातून, एका भल्या माणसाच्या हातून, पाठ दुखते म्हणून ती येऊ शकते, हे त्या भाषणात कुठेच नव्हतं. ते मला ठाऊकच नव्हतं, आणि भाषण लिहून देणाऱ्या सरांनाही नसावं.

वस्तीत नशा वाढली तशी बायकांनी मंडळी उभी केली. जांभळी साडी, हातात काठी, गळ्यात शिट्टी. संध्याकाळी गल्लीगल्लीतून फिरायचं, कोणी विकताना दिसला की शिट्टी, आणि मग सगळ्याजणी तिकडे. आमची आई त्यांची म्होरकी. तिचा आवाज मोठा होता आणि चालही. दारूचं दुकान मात्र सरकारचंच, तिथे रांग उघड्यावर लागते. त्यासमोरून जाताना बायका शिट्ट्या पदराखाली घेत. मी एकदा विचारलं, "इथं कावून नाई वाजवत?" आई म्हणाली, "इथं पोलीस त्याईच्या बाजूनं आहेत, बाई. चाल समोर."

मंडळीने चोरून नशा विकणारा पानठेला बंद केला. नंतर त्या कॅप्सूल चिठ्ठीविना विकणाऱ्या चौकातल्या औषधाच्या दुकानदाराला असा दम भरला की त्याने दादासारख्यांना साधी डोकेदुखीची गोळीही देणं सोडलं. वस्तीत पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. आणि मग, प्रयोगशाळेत उभं राहून बघावं तसं, मी बघत राहिले. पंधरा-वीस दिवस काही दिसलं नाही. नंतर सायकल स्टँडजवळ एक अनोळखी माणूस उभा राहू लागला. दादाच्या खिशात आता चांदीचं पाकीट नसे, कागदाची पुडी असे. तिच्यात काय आहे हे त्यालाही सांगता येत नव्हतं. ज्याच्यावर निदान नाव छापलेलं होतं ते गेलं आणि बिननावाचं आलं, एवढाच फरक मला दिसला.

पुडीसकट तो एकदा पकडला गेला. थोडेच दिवस आत होता, पण गेटपासच्या नव्या फॉर्मवर पोलिसांचा शिक्का लागतो आणि तो आता मिळणार नव्हता. काम गेलं. सकाळी उठून जायला जागा राहिली नाही, दुखणारी पाठ मात्र घरीच होती. आईने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली आणि मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली. चार दिवस तो आत कापत होता, ओकत होता. दाराच्या फटीतून मी पाणी दिलं की त्याचे दात पेल्यावर वाजत. पाचव्या दिवशी आईने दार उघडलं. तो अंघोळ करून, भांग पाडून बाहेर आला. "सुटला माह्या पोट्टा," आईने गल्लीभर सांगितलं. आठवड्याने मला त्याच्या उशीखाली पुडी सापडली. मी ती होती तशीच ठेवली. आईला सांगितलं नाही.

बाबांच्या दम्याचं औषध आणायला मी सरकारी दवाखान्यात जात असे. तिथे मागच्या बाजूला, टीबीच्या खोलीशेजारी, एका दारावर पाटी होती: नशेच्या उपचाराचं केंद्र, सकाळी दहा ते एक. तीनदा मी ती पाटी वाचून पुढे गेले. चौथ्यांदा आत डोकावले. टेबलाशी चष्मा लावलेली एक सिस्टर होती. मी विचारलं, इथे काय करतात, औषध कसलं, किती दिवस चालतं. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"किसके लिए पूछ रही हो, बेटा?"

"ऐसे ही."

"ऐसे ही यहाँ कोई नहीं पूछता. ले आओ उसको."

आणायला दीड महिना लागला. दादाचे प्रश्न माझ्याहून जास्त होते.

"पोलीस बसते का तिथं?"

"नाई."

"नाव लिहून घेतात?"

"घेतात. पण कोणाले दाखवत नाईत."

"तुले कसं मालूम?"

"मी विचारलं नं."

"तू तं विचारशीनच," तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

मग रोज दहाला. मी शिकवते ती शाळा दुपारची आहे, म्हणून मीच त्याला स्कूटीवर नेत असे. रांगेत वीस-पंचवीस जण असत. रंगारी, ऑटोवाले, एक पांढऱ्या मिशांचे शिंपी, एक चष्मेवाला मुलगा जो नेहमी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत असे. औषधाची गोळी घरी देत नसत, तिथेच द्यायचे. दोन महिन्यांत दादा पोटभर जेवायला लागला. शेजारच्यांच्या सायकली घेऊन अंगणात दुरुस्तीला बसायला लागला. आई म्हणे, "पाह्यलं? शपथेचा गुण." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू. आईला सांगायला हवं होतं. पण तिच्या लेखी गोळी म्हणजे गोळी. दादा म्हणे, "जरा पक्का होऊ दे मले, मग सांगू." मी त्याचं ऐकलं. ती चूक माझी.

कारण खबर मंडळीपर्यंत दुसऱ्याच रूपात पोहोचली. वस्तीतले सगळे नशेबाज रोज दहाला दवाखान्यामागे जमतात, एकेक करून खोलीत जातात आणि खुशीत बाहेर येतात! काकीने पैजेवर सांगितलं, "कंपाउंडर बेचत हे, दीदी. सरकारी माल." बायकांनी कुणाला न सांगता बेत केला. सांगतील तर आतले सावध होतील ना. आई घरातही बोलली नाही. इतकी वर्षं तिने असंच काम केलं होतं आणि त्यातच तिचं नाव होतं.

मी स्टँडवर स्कूटी लावत होते तेव्हा शिट्ट्या ऐकू आल्या. एक नाही, दहा-बारा. जांभळ्या साड्या दोन्ही बाजूंनी आल्या. रांग अशी फुटली की मी नीट पाहूही शकले नाही. पांढऱ्या मिशांचे शिंपी चपला हातात घेऊन भिंतीवरून पलीकडे गेले. त्या वयात ते भिंत कशी चढले याचं मला अजून नवल वाटतं. चष्मेवाला मुलगा कोडं तिथेच टाकून पळाला. अर्ध्या मिनिटात ओटा रिकामा झाला. उरला एकटा दादा, हातात केंद्राचं पिवळं कार्ड घेऊन.

आईच्या तोंडात शिट्टी होती. ती तिने काढली.

"तू? तू इथं काय करून राहिला?"

"औषध घेऊन राहिलो."

"माह्या डोक्यावर हात ठेवला होता तू."

"म्हणूनच नाई सांगितलं."

काकी आईच्या कोपराला धरून म्हणाली, "चल दीदी, घर चल." दादाने कार्ड माझ्या हातात दिलं आणि फाटकातून चालत बाहेर गेला. पळाला असता तर बरं, असं मला वाटलं.

सिस्टर बाहेर आली. "सीटी किसने बजाई?" तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "एक-एक आदमी को यहाँ लाने में महीने लगते हैं. आप लोगों ने एक मिनट में भगा दिया."

आई म्हणाली, "आप बेचते क्या हो?"

"अंदर आकर देख लीजिए."

आई आत गेली नाही. ती जांभळ्या साड्यांच्या पुढे, नेहमीसारखी पहिली, घराकडे चालू लागली.

सिस्टरने मला बाजूला घेतलं. औषध चुकलं की त्याला दोन-तीन दिवसांत जुनी तलफ येईल, म्हणाली. आणि आता त्याने पूर्वीसारखंच, पूर्वीइतकंच घेतलं तर शरीर ते झेलणार नाही. श्वास थांबू शकतो. "ढूँढो उसको. जल्दी."

त्या दिवशी तो घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणत होती, भूक लागली की येईल. दुपारी ती भाजी चिरत असताना मी तिला सगळं सांगितलं, पाटीपासून श्वासापर्यंत. तिने विळी बाजूला सारली.

"गोळी सोडवाले गोळी देतात? कावून?"

मी कॉलेजात शिकलेलं समजावू लागले. मेंदू, पेशी, त्यांची सवय. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला, आठवीतल्या भाषणासारखा. आई माझ्याकडे नाही, विळीकडे बघत होती.

तेवढ्यात खाटेवरून बाबा बोलले. दम्यामुळे ते मोजकंच बोलतात.

"कोक ओव्हनची भट्टी बंद करतात का कधी?"

"मले काय मालूम," आई म्हणाली.

"नाई करत. माल काढाचा नसला तरी आच ठेवाच लागते."

"कावून?" हे मी विचारलं.

"एकदम थंडी पडली का आतली वीट तडकते. मग भिंतच जाते. कमी करतात, पण हळूहळू, रोज पाहून पाहून." ते थांबले, श्वास घेतला. "शिट्टी मारून भट्टी थंडी होत असती तं आमाले काय काम होतं तिथं?"

"तो काय भट्टी आहे का?"

"माणूस आहे. विटेहून कच्चा."

बाबांनी तिथे सव्वीस वर्षं काम केलं, आणि ती भट्टी कशी चालते हे आम्ही कोणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांना सगळं विचारत फिरणारी, मीही नाही. आईने विळी धुऊन ठेवली आणि म्हणाली, "गाडी काढ."

तो कुठे असेल याचा मी एकच अंदाज करू शकत होते. नंदिनी नगरला, चुनखडीच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये, त्याचा शाळेतला मित्र राहतो. वाटभर मागे बसलेली आई ट्रक गेला की माझा खांदा घट्ट धरी. मित्राच्या बायकोने दार उघडलं आणि बोटाने आतली खोली दाखवली.

दादा खाली भिंतीला टेकून बसला होता. घामेजलेला, गुडघे छातीशी.

"घेतलं?" मी विचारलं.

"काल. थोडंसं." मग आईकडे बघून, "आता मागची खोली उघडून ठेवली असशीन."

आईने त्याला शिव्या दिल्या असत्या तर मला आश्चर्य वाटलं नसतं. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. तिला मांडी नीट घालता येत नाही, म्हणून पाय लांब करून.

"चाल. जिथं जात होता तिथं."

"तू आली का लाइन पळते."

"मग मी लाइनीतच उभी राहीन."

"लोक हसतीन."

"हसू दे. पळण्यापरीस बरं."

पुढे काय काय झालं ते आधी लिहून टाकते. आईने मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं की माझा मुलगा त्या रांगेत आहे. दोघीजणींनी मंडळी सोडली, आणि एकीने चार दिवसांनी गुपचूप येऊन नवऱ्यासाठी दहाची वेळ विचारली. पळालेल्यांच्या घरी आई आणि काकी शिट्टीविना गेल्या. बरेचसे परत आले. शिंप्यांच्या दाराला कुलूप होतं, ते कुठे गेले हे कोणालाच ठाऊक नाही, आणि आई अजून त्या वाटेने जाताना त्या दाराकडे बघते. मी माझ्या वर्गात सापळ्याचं चित्र काढणं सोडलं. त्याऐवजी मुलांना बिननावाच्या चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहायला सांगते. पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी आली: घरातलं कोणी घेत असेल आणि आपण सांगितलं तर त्याला पोलीस नेतील का? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी सिस्टरलाच वर्गात बोलावलं.

पण मला सांगायची आहे ती नंदिनी नगरहून आणल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

रांगेत आठ-नऊ जणच होते. आईने साधी हिरवी साडी नेसली होती, तरी तिला ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. "सीटी वाली आ गई रे," पुढचा ऑटोवाला म्हणाला आणि दोघं ओट्यावरून उतरू लागले.

"सीटी घर पे है, भैया," आई म्हणाली. "रुको तुम लोग."

"और डंडा?"

"वो भी."

"पक्का?"

"तलाशी ले लो."

कोणीतरी हसलं. उतरलेल्यांपैकी एक परत वर आला. दुसरा फाटकाजवळ उभा राहून बघत राहिला. आई दादाच्या मागे रांगेत उभी राहिली, पुढचा सरकला की सरकत.

डॉक्टरांनी विचारलं, मधल्या दिवसांत काय घेतलं, कधी, किती. दादाने सांगितलं. आई टेबलाची कड धरून उभी होती. आता हे रागावतील, याची ती वाट बघत होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं, डोळे बघितले, नाडी बघितली, आज कमी मात्रा देऊ, अर्धा तास थांबा म्हणाले. बस. आईने माझ्याकडे पाहिलं. "बोलले नाईत काहीच?" ती कुजबुजली. मी मान हलवली.

सिस्टरने लहानशी पांढरी गोळी दादाच्या जिभेखाली ठेवली. ती गिळायची नसते, तिथेच विरघळू द्यायची, आणि तोवर तोंड उघडायचं नाही. तो बाकावर बसला. आई त्याच्या शेजारी.

"कडू लागते का?" तिने विचारलं.

दादाने हात वर केला, थांब म्हणून.

"किती दिवस घ्या लागते हे? आन् पाठ? पाठ दुखते का अजून?"

तो तिच्याकडे बघत होता, तोंड मिटलेलं. त्याने पुन्हा हात वर केला. आई पुढचं विचारायला निघाली आणि थांबली. तिने हात मांडीवर ठेवले आणि गोळी विरघळायची वाट बघत बसली.